१४ महिन्यांच्या बाळाला भूल : श्वासाची नळी बरोबर जागी आहे हे कसं कळतं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. मुलगा १४ महिन्यांचा आहे. ओठ चांगला आहे, पण टाळूला जन्मतःच फट आहे. दूध नाकातून यायचं, पहिले सहा महिने वाटी-चमच्यानं बसवून पाजलं. आता वजन ९ किलो २०० ग्रॅम झालंय आणि शुक्रवारी मिरजेत ऑपरेशन ठरलंय.

आज भूल देणाऱ्या मॅडमकडं तपासणी झाली. त्यांनी वेळ देऊन समजावलं. त्यातलं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, "ह्याची श्वासनळी ह्याच्याच करंगळीएवढी जाड आहे. आम्ही घातलेली नळी सेंटिमीटरभर जास्त आत गेली तर हवा एकाच फुप्फुसात जाईल, सेंटिमीटरभर कमी पडली तर निसटू शकेल. म्हणून नळी घालून आमचं काम संपत नाही, ऑपरेशनभर तिच्याकडं लक्ष ठेवावं लागतं."

तिथं मान डोलावली आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. घशातली जागा बाहेरून दिसत नाही, मग नळी कुठवर गेली हे कळतं कसं? बाळ सांगू शकत नाही. मध्येच ती हलली तर? ह्यांचं म्हणणं, वाचू नकोस, झोप. पण मला कळल्याशिवाय झोप लागणार नाही. इथं कुणी डॉक्टर किंवा ह्यातून गेलेले आईबाबा असतील तर सांगा.

---

वसंतातली आंबेमोहोर | सोमवार, रात्री ११:०५

ताई, माझ्या भाच्याचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. आता घडाघडा बोलतो. नळीचं मला काही सांगता येणार नाही, पण तुमची अवस्था कळते. ओटीचं दार बंद झाल्यावर ताईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली.

---

अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ६:२०

कृष्णाकाठताई, मी साताऱ्यात ३४ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मॅडमनी सांगितलं ते खरं आहे, आणि त्यांनी ते आधी सांगितलं ह्याचं मला समाधान वाटलं. आमच्या वेळी आम्ही आईबापांशी एवढं बोलत नसू. ती आमची चूक होती.

आधी अंतरं समजून घ्या. मोठ्या माणसात स्वरयंत्राच्या पडद्यांपासून श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत १० ते १२ सेंटिमीटर जागा असते. नवजात बाळात तीच जागा ४ ते ५ सेंटिमीटर. तुमच्या मुलाची त्याहून थोडी जास्त, पण फार नाही. नळीचं टोक साधारण मध्यावर हवं. मोठ्या माणसात दोन सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तर बहुतेक वेळा निभावतं. बाळात तेवढ्यात सगळी जागाच संपते.

फाट्याशी उजवी वाट जास्त रुंद आणि सरळ खाली उतरणारी असते, डावी तिरपी. त्यामुळं खोल गेलेली नळी बहुधा उजवीकडं जाते. उजवं फुप्फुस दुप्पट फुगतं, डावं रिकामं पडून राहतं.

आता तुमचा प्रश्न, कळतं कसं. पहिली खात्री डोळ्यांनी. लॅरिंगोस्कोपनं जीभ उचलली की स्वरयंत्र दिसतं, नळी पडद्यांमधून जाताना दिसते. लहान मुलांच्या बऱ्याच नळ्यांवर टोकाजवळ काळी खूण असते, ती पडद्यांशी आली की थांबायचं. मग ओठाशी किंवा हिरडीशी नळीवरचा आकडा वाचायचा, मोठ्यानं बोलायचा आणि कागदावर लिहायचा. दुसरी खात्री कॅप्नोग्राफ नावाच्या मशीनची. बाळ श्वास सोडतं त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, त्याची लाट मशीनच्या स्क्रीनवर दिसते. नळी चुकून अन्ननळीत गेली तर ती लाट येत नाही, किंवा दोनचार श्वास बारीक येऊन विझते. लाट एकसारखी येत राहिली की नळी श्वासमार्गात आहे. तिसरी खात्री कानांची. दोन्ही काखांमध्ये स्टेथोस्कोप लावून ऐकायचं आणि दोन्ही बाजू सारख्या वर येतात का ते बघायचं. छातीच्या मध्यावर ऐकून चालत नाही. बाळाची छाती एवढी लहान, की उजवीकडचा आवाज डावीकडंही ऐकू येतो. म्हणून काखेत.

एवढं झालं की चिकटपट्टी. आणि मग मान. हनुवटी छातीकडं झुकली की नळी आत उतरते, मान मागं गेली की वर येते. बाळात हे सरकणं सहज सेंटिमीटरभर होतं. टाळूच्या ऑपरेशनात खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागं करतात. म्हणजे नळी घालताना जी जागा पक्की केली, ती ऑपरेशनच्या स्थितीत तीच राहत नाही. मान हलली की पुन्हा ऐकायचं. हा नियम मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितलाय की त्यांना पाठ झाला असेल.

मिरजेत शिकत होतो ते ८० चं दशक. कॅप्नोग्राफ नव्हता. मॅगिलच्या लाल रबरी नळ्या धुऊन, उकळून परत वापरायचो. बाळाच्या छातीवर डाव्या बाजूला स्टेथोस्कोपचं तोंड चिकटपट्टीनं चिकटवायचं, त्याला लांब रबरी नळी, आणि दुसऱ्या टोकाचा तुकडा आपल्या एका कानात. तीन-तीन तास एक कान त्या लेकराच्या छातीला. डावीकडं का, तर नळी उजवीकडं घसरली की आवाज तिथं आधी मंद व्हायचा.

---

माणदेशी | मंगळवार, सकाळी ९:४८

मी आटपाडीकडचा. ताईंना घाबरवायचं नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

मुलगी सात महिन्यांची असताना मानेवर पाण्याची गाठ होती, ती काढली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ऑपरेशन झालं, बाहेर येऊन सांगितलं की गाठ पूर्ण निघाली. पण लेकरू दोन दिवस ऑक्सिजनवर, श्वास भराभर. विचारलं तर "थोडा कफ आहे, होईल". तिसऱ्या दिवशी सुधारली, घरी आणली.

वर्षभरानं तिला ताप आला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जुनं डिस्चार्ज कार्ड बघितलं आणि विचारलं, "डावं फुप्फुस बसलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही?" कार्डावर इंग्रजीत तीन शब्द होते. आम्ही दोघं बारावीपर्यंत शिकलेले, ते शब्द वाचले होते, अर्थ कळला नव्हता. ह्या डॉक्टरांनी कागद काढून चित्र काढलं. म्हणाले, मानेचं ऑपरेशन असल्यानं डोकं एका बाजूला वळवलं असणार, तेव्हा नळी उजवीकडं गेली असावी.

मुलगी आता सहा वर्षांची आहे, शाळेत पळण्यात पहिली येते. चूक झाली ह्याचा राग कधीच गेला. आम्हाला सांगितलं नाही ह्याचा अजून आहे. दोन रात्री मी तिच्या उशाशी बसून होतो, मला कळायला हवं होतं की नेमकं काय झालंय.

एक विचारतो. नळी घातल्यावर तपासतात ना? मग मशीननं ओरडायला नको होतं?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

दादा, लिहिलंत त्याबद्दल आभार. भीती वाटली, पण हे मला माहीत असायलाच हवं होतं. हाच प्रश्न माझाही. कार्बन डायऑक्साइडची लाट दिसत असताना असं होऊ शकतं का?

---

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी १:३०

माणदेशी, तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या रात्री, तुमच्या भाषेत, समोर बसून. ह्यावर माझ्याकडं दुसरं बोलणं नाही.

तुमच्या मुलीच्या ओटीत काय झालं ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. मशीन का ओरडत नाही हे मात्र सांगतो, कारण इथंच नव्या मुलांची गल्लत होते.

कॅप्नोग्राफ सांगतो की नळी श्वासमार्गात आहे. ती मुख्य श्वासनळीत आहे की उजव्या फाट्यात, हे तो सांगत नाही. उजव्या फुप्फुसातूनही कार्बन डायऑक्साइड येतोच, लाट छान दिसते. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा मापक तर त्याहून उशिरा बोलतो. भूल देताना हवेत ऑक्सिजन भरपूर मिसळलेला असतो, त्यामुळं एका फुप्फुसावरही आकडा काही वेळ ९७-९८ राहू शकतो. तोवर डाव्या फुप्फुसातली अडकलेली हवा शोषली जाते आणि ते बसतं. मग आकडा घसरायला लागतो, आणि बाळात घसरला की झपाट्यानं घसरतो. मोठा माणूस किलोमागं मिनिटाला ३-४ मिली ऑक्सिजन वापरतो, तान्हं बाळ ६ ते ८. साठा कमी आणि खर्च दुप्पट.

त्याआधी एक इशारा असतो. तेवढीच हवा एका फुप्फुसात घालायला जास्त दाब लागतो, मशीनवर दाबाचा आकडा चढतो. हातात श्वास देण्याची पिशवी असेल तर ती कडक लागते. जुने लोक लहान मुलांना जॅक्सन रीसच्या सर्किटवर, म्हणजे पिशवी जोडलेल्या नळीवर, हातानं श्वास देत, त्याचं हेही एक कारण. इंग्लंडचे भूलतज्ज्ञ फिलिप एअर ह्यांनी १९३७ साली ओठ-टाळूच्या मुलांसाठीच ती टी-आकाराची नळी काढली, आणि पुढं १९५० साली लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस ह्यांनी तिला शेपटीशी उघडी पिशवी जोडली. बाळाचं फुप्फुस मऊ आहे की कडक झालंय हे तळहाताला कळतं.

आणखी एक फसवी गोष्ट. बहुतेक नळ्यांना टोकाजवळ बाजूला एक भोक असतं, टोक भिंतीला टेकलं तरी हवा जावी म्हणून. नळी उजव्या फाट्यात थोडीशीच उतरली असेल तर ते भोक फाट्याच्या वर राहून डावीकडंही हवा जाते. आवाज दोन्हीकडं येतो, आपण निर्धास्त होतो. मान झुकते, नळी आणखी जरा उतरते, भोकही आत जातं. मघाशी ऐकलेलं खरंच होतं, पण आता ते खरं राहिलेलं नसतं.

---

मिरजेचा पीजी | मंगळवार, रात्री १२:१०

सर, तुमचं काखेत ऐकण्याचं वाचलं आणि आज सकाळचीच केस आठवली. मी भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ताईंसाठी थोडी भर. किती आत घालायची ह्याचा अंदाज आधी बांधून ठेवतो, त्यासाठी सूत्रं आहेत. दोन वर्षांपुढच्या मुलात वयाचं निम्मं अधिक १२, एवढे सेंटिमीटर ओठाशी. म्हणजे ६ वर्षांच्या मुलाला १५. दुसरं सूत्र, नळीच्या नंबरची (म्हणजे मिलिमीटरमधल्या आतल्या व्यासाची) तिप्पट, तेवढे सेंटिमीटर. नवजात बाळात वजन अधिक ६, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ९.

आता तुमचा मुलगा घ्या. १४ महिने. वयाचं सूत्र ओढूनताणून लावलं तर साडेबारा येतं. व्यासाचं सूत्र ४ नंबरच्या नळीला १२ देतं आणि साडेतीन नंबरला साडेदहा. तिन्ही उत्तरं पुस्तकातल्या सूत्रांची, आणि एकाच मुलात दोन सेंटिमीटरचा फरक. म्हणून सूत्र फक्त कुठून सुरुवात करायची ते सांगतं. शेवटचा आकडा त्या मुलाची छाती ऐकूनच ठरतो.

शंका राहिली तर आमचे सर मुद्दाम वेगळं करायला लावतात. नळी हळू आत सरकवायची, डावीकडचा आवाज बंद होईपर्यंत. म्हणजे टोक उजव्या फाट्यात शिरलं, आता फाटा कुठं आहे ते नक्की कळलं. मग मोजून मागं घ्यायची, दोन्हीकडचा आवाज परत आल्यावर आणखी थोडी, आणि पट्टी लावायची. सोय असेल तर बारीक दुर्बीण नळीतून घालून फाटा डोळ्यांनी बघतात, तो सगळ्यात भरवशाचा मार्ग. सोनोग्राफीनंही दोन्ही बाजूंचं फुप्फुस श्वासागणिक सरकतंय का ते दिसतं. एक्सरे अतिदक्षता विभागात काढतात, ओटीत प्रत्येक वेळी काढत नाहीत.

टाळूच्या ऑपरेशनला बहुधा आरएई नळी वापरतात. ती ओठाशी वळवून हनुवटीकडं खाली उतरवलेली असते, म्हणजे सर्जनच्या वाटेत येत नाही. तिचा बाक कारखान्यातच ठरलेला असतो. त्यामुळं बाक ओठाशी बसवला की आत किती गेली ते बाळ ठरवत नाही, नळी ठरवते. अंगानं लहान मुलात ती खोल जाऊ शकते. आमच्याकडं अशा वेळी बाकाखाली गॉजची घडी ठेवून ती थोडी बाहेर धरतात.

---

सज्जनगडचा वारा | बुधवार, सकाळी ८:०२

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो, ऑपरेशन दोन दिवसांवर असलेल्या आईला हे सगळं सांगणं बरोबर आहे का? आपण एसटीत बसतो तेव्हा ड्रायव्हरला ब्रेकचं तेल विचारत नाही. विश्वास ठेवायचा आणि देवाला हात जोडायचे. माझी आई परिचारिका होती, ती म्हणायची, अर्धं कळलेलं पूर्ण न कळण्यापेक्षा जास्त छळतं.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८:५०

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण मला काल रात्री पहिल्यांदा झोप लागली. सोमवारी डोक्यात नुसतं "सेंटिमीटरभर" होतं, आणि त्या सेंटिमीटरभोवती अंधार. आता मला माहीत आहे की कोणीतरी काखेत कान लावून ऐकणार, मान हलवली की पुन्हा ऐकणार. गणपतीला जाऊन आलेच आहे, ते वेगळं.

---

हळदीचा वास | बुधवार, दुपारी ३:२५

मी ओटी सिस्टर आहे, सांगलीत, १९ वर्षं झाली. सरांनी आतलं सांगितलं, मी आईच्या हातात काय आहे ते सांगते.

वजन. आदल्या दिवशीचं, कपडे काढून, एकाच काट्यावर केलेलं. सगळी औषधं वजनावर. "नऊ-दहा असेल" असं सांगणारे आईबाप रोज भेटतात.

बाळ कमी दिवसांचं जन्मलेलं असेल, काचेच्या पेटीत असेल, तेव्हा नळी घातली असेल, मशीनवर असेल, तर ते सांगाच. कोणी विचारलं नाही तरी सांगा. तेव्हाच्या नळीनं आत वण राहून जागा अरुंद झालेली असू शकते, मग वयाच्या हिशोबाची नळी जात नाही. मॅडमना लहान नंबर आधीच काढून ठेवता येतात. टाळूच्या फटीबरोबर हनुवटी फार आखूड असेल तरीही सांगायचं, अशा बाळांचं स्वरयंत्र दिसायला अवघड जातं. उताणं झोपवल्यावर गुदमरतं का, घोरतं का, हेही.

उपाशी ठेवणं. अंगावरचं दूध ४ तास, वरचं दूध आणि पेज ६ तास, साधं पाणी २ तास. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. आजी लोक दया येऊन पहाटे बिस्कीट भरवतात. अशा वेळी कृपा करून खरं सांगा, कोणी रागावणार नाही, ऑपरेशन पुढं जाईल एवढंच. पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर फार अवघड होतं.

सर्दी. ह्यात सगळ्यात जास्त लपवाछपवी होते, कारण सुट्टी काढलेली असते, गाडी ठरलेली असते. सर्दी-खोकल्यात श्वासमार्ग चिडलेला असतो. नळी काढताना किंवा घालताना स्वरयंत्र गच्च मिटू शकतं.

नळी निसटण्याबद्दल एक सांगते. मी बघितलेल्यांत निम्म्या वेळा कारण लाळ होतं. लाळेनं पट्टी सुटते. म्हणून आम्ही ओठाच्या वरचा भाग कोरडा पुसून, थोडं टिंक्चर बेंझॉइन (पट्टी घट्ट धरणारं चिकट औषध) लावून मगच पट्टी मारतो, दोन्ही गालांवर. आणि बाळाला सरकवताना, डोकं वळवताना, एका माणसाचा हात नळीवरच असतो. तो दुसरं काही करत नाही. मी नवीन मुलींना सांगते, त्या क्षणी फोन वाजला, ट्रे पडला, कोणी हाक मारली, तरी हात काढायचा नाही.

---

कोरेगावचे आजोबा | बुधवार, सायंकाळी ६:४०

नातवानं टायपून दिलंय. माझी नात सहा वर्साची, टॉन्सिलचं आपरेशन सांगितलंय साताऱ्याला. खालचा एक दात हलतोय. तिची आई म्हनती त्यात काय सांगायचं, पडंल त्यो. सिस्टरबाई, सांगावं का?

---

हळदीचा वास | बुधवार, सायंकाळी ७:०५

आजोबा, नक्की सांगा. कुठला दात ते बोट लावून दाखवा. लॅरिंगोस्कोप तोंडात घालताना हलणारा दात निघून आत पडू शकतो. माहीत असेल तर डॉक्टर जपतात, फारच हलत असेल तर आधीच काढून तुमच्या हातात देतात.

---

मिरजेचा पीजी | बुधवार, रात्री ११:३०

अजिंक्यतारा सर, एक विचारायचं होतं. तुमच्या वेळी लहान मुलांना बिनकफाचीच नळी घालत. आम्हाला आता कफाची शिकवतात. जुने सर राउंडला आले की ह्यावरून वाद होतो.

(इतरांसाठी : कफ म्हणजे नळीच्या टोकाकडचा हवेनं फुगणारा फुगा, खोकल्यातला कफ नव्हे.)

---

अजिंक्यतारा | गुरुवार, सकाळी ६:१०

मीही त्या वाद घालणाऱ्यांतला होतो. आम्हाला शिकवलं होतं की ८ वर्षांखालच्या मुलाला कफाची नळी घालायची नाही. कारण असं सांगत, की मुलांत सगळ्यात अरुंद जागा स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेच्या कड्याशी आहे, नळी तिथंच आपोआप घट्ट बसते. वर फुगा फुगवला तर आतलं अस्तर दबून सुजेल. ती सूज मोठ्या माणसाला खवखव करते, बाळाचा मात्र श्वास कोंडते.

मग २००९ साली युरोपातल्या २४ केंद्रांतल्या पाच वर्षांखालच्या २२४६ मुलांचा अभ्यास आला. नळी काढल्यावर घरघर कफाच्या नळीत ४.४ टक्के, बिनकफाच्या नळीत ४.७ टक्के. जवळपास सारखंच. पण नंबर चुकला म्हणून नळी बदलावी लागली ती कफाच्या गटात २.१ टक्के मुलांत आणि बिनकफाच्या गटात ३०.८ टक्के मुलांत. दहांतल्या तीन बाळांच्या घशात आम्ही दोनदोनदा नळ्या घालत होतो. तो आकडा वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. अशी किती बाळं माझ्या हाताखालून गेली असतील.

पण तुला एक सांगतो. कफाची नळी घेतलीस की जागेचा हिशोब आणखी काटेकोर होतो. फुगा कड्याच्या खाली राहायला हवा आणि टोक फाट्याच्या वर. चार-पाच सेंटिमीटरमध्ये दोन्ही बसवायचं. जुन्या बनावटीच्या नळ्यांत फुगा फार वर असायचा, तो पडद्यांखाली न्यावा तर टोक फाट्यात जायचं. नव्या नळ्यांत फुगा आखूड आणि टोकाजवळ आणलाय. आणि फुग्यातला दाब मोजायचाच. २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. बोटानं चाचपून "ठीक आहे" म्हणू नकोस. माझ्या बोटांनाही तो अंदाज कधी आला नाही.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:१५

उद्याचं ऑपरेशन पुढं गेलं.

काल रात्रीपासून अंग गरम, आज सकाळी खोकला ओला झाला. सासूबाई म्हणाल्या, नुसतं नाक आहे, सांगू नको, तारीख किती मुश्किलीनं मिळालीय. सिस्टरताईंचं वाचलं नसतं तर कदाचित मी गप्प राहिले असते. फोन केला. मॅडम लगेच म्हणाल्या, चार आठवडे थांबू. ह्यांची रजा वाया गेली, आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले. पण हायसंही वाटतंय.

---

हळदीचा वास | गुरुवार, रात्री ९:४०

अगदी बरोबर केलंत. तारीख मिळते परत.

---

कृष्णाकाठ | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मंगळवारी झालं ऑपरेशन. काल घरी आलो.

सकाळी साडेसातला आत नेलं, साडेदहाला हाक मारली. नळी काढल्यावर थोडी घोगरी, भुंकल्यासारखी खोकली येत होती. सिस्टरनी वाफ दिली, संध्याकाळपर्यंत गेली. दोन्ही हातांना कोपरापाशी पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्यात, बोट तोंडात जाऊ नये म्हणून. त्याचा त्याला भयंकर राग आलाय. पातळ पेज आणि दूध सुरू आहे, पेल्यानं. आणि काल दुपारी पाणी प्यायला तेव्हा नाकातून एक थेंबही आला नाही. मी सवयीनं फडकं घेऊन बसले होते.

---

माणदेशी | रविवार, सायंकाळी ५:२०

लई बरं वाटलं ताई. एक विचारू? आत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं का?

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:३५

हो दादा. तुमचं वाचलं होतं म्हणूनच मी मॅडमना आधी म्हटलं, की झाल्यावर मला आतलं सगळं सांगा, चांगलं-वाईट दोन्ही. संध्याकाळी त्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसल्या. नळी साडेअकरावर बसवली होती. मान मागं केल्यावर पुन्हा ऐकलं, दोन्हीकडं ठीक. मग सर्जननी तोंड उघडं ठेवायचा चाप लावला तेव्हा दाबाचा आकडा एकदम चढला आणि लाट तिरकी झाली. चापाची जिभेवरची पट्टी नळीला चेपत होती. चाप सैल करून लहान पट्टी घातली, दाब उतरला, परत काखेत ऐकलं. ह्यात मिनिटभर गेलं, ऑक्सिजन ९८ च्या खाली आला नाही.

मी भुलीच्या कागदाची झेरॉक्स मागितली, त्यांनी दिली. इंग्रजीत आहे, पण त्यांनी शेजारी पेन्सिलनं मराठीत लिहून दिलंय. "दोन्ही बाजू सारख्या" असं चार ठिकाणी आहे, प्रत्येकापुढं वेळ. ८:०५, ८:१८, ८:२६, आणि शेवटी खांद्याखालची गुंडाळी काढल्यावर १०:०२.